आधारस्तंभ, शुभेच्छुक आणि पक्कडचे इतर लेखक

नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून अंकवाल्यांनी गळ घातली, तेव्हा मी सरळ सांगितलं की नोकरीत मी काही केलेलं नाही. फोर्टातल्या एका जहाज कंपनीत आयुष्यभर केबली ओढल्या, साहेबलोकांचे पासवर्ड बदलून दिले आणि "नेट का चालत नाही?" या एकाच प्रश्नाला रोज नवं उत्तर शोधलं. त्यात काय लिहायचं? लिहिण्यासारखं काम मी निवृत्त झाल्यावर केलं, बिनपगारी केलं, आणि त्यापायी करी रोडच्या आमच्या चाळीतली निम्मी माणसं माझ्याशी बोलायची बंद झाली. ते सांगते.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचा तमाशा कळेल. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत बसत नाही. लालबागच्या मसाला गल्लीत बाई येते, तयार मसाला घेऊन जाते आणि घरी कोणी त्यात कोंबडी करते, कोणी वांगं. तसा दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये घालायला तयार करून ठेवलेला जो कोड असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. मी आणि मिलिंद कांबळेने मिळून अशी एक लायब्ररी लिहिली. तिचं नाव पक्कड. काम एकच: दोन संगणक एकमेकांशी बोलत असताना मध्येच नेट गेलं, तर बोलणं तुटलं तिथे घट्ट धरून ठेवायचं आणि नेट आलं की तिथूनच पुढे सुरू करायचं. फुकट आहे. आत काय लिहिलंय ते कोणीही वाचावं, वाटलं तर बदलावं.

मिलिंद माझ्या कंपनीत माझ्या हाताखाली लागला होता. मागच्या इमारतीत राहतो. चाळिशी उलटली, तरी मला ताई म्हणतो म्हणून मी त्याला अजून पोरगाच समजते. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक अभ्यासिका आहे, जयंतीच्या वर्गणीतून जुन्या लोकांनी सुरू केलेली, ती तो चालवतो. घरात एकच खोली, त्यात टीव्ही, पाळणा आणि आजोबांचा खोकला. पोरींनी पुस्तक उघडायचं कुठे? त्या इथे येऊन बसतात आणि स्पर्धा परीक्षांचे सराव पेपर संगणकावर सोडवतात. मिलिंद स्वतः तिथेच शिकून वर आला. त्याचा जीव त्या खोलीत. पण नेट असं भिकार की पेपर अर्धा झाला की जायचं आणि लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. एकदा एक मुलगी तिथेच हमसून हमसून रडली. त्या संध्याकाळी आम्ही पक्कड लिहायला घेतली.

पक्कड छान चालली. मग एका कंपनीला दानधर्माची हुक्की आली. अभ्यासिकेला नवे संगणक देतो म्हणाले, पण अट अशी की त्यावर जे काही चालेल ते एका ठरावीक वितरणातलंच असलं पाहिजे. वितरण म्हणजे काय, तर जगभरची हौशी माणसं हजारो फुकटचे प्रोग्रॅम गोळा करतात, एकेक पारखून घेतात आणि एकत्र बांधून देतात. त्यात आलं म्हणजे शिक्का बसला. वितरणाची नवी आवृत्ती निघायच्या आधी त्यांचे दरवाजे बंद होतात. तेवढ्यात पक्कड आत गेली तर ठीक. नाही गेली तर कंपनी आपली स्वतःची परीक्षेची व्यवस्था बसवणार, जिला नेट क्षणभरही गेलेलं चालत नाही. आमच्याकडे क्षणभर नेट असतं, एवढंच. म्हणजे पक्कड राहिली बाहेर, की अभ्यासिकेला कुलूप. मिलिंद मला म्हणाला, "ताई, मी एवढी वर्षं खोली चालवली आणि संगणक फुकट मिळाले म्हणून ती बंद करायची वेळ आली. हसू की रडू?"

मी म्हटलं, "आधी अर्ज भरू."

वितरणातर्फे पक्कड तपासायला आली मार्टा. कुठल्याशा थंड देशातली बाई. मी तिला कधी पाहिलं नाही, आवाजही ऐकला नाही, सगळा कारभार इमेलवर. प्रत्येक इमेल अशी सुरू व्हायची: "प्रिय शैला, तुमच्या कामाबद्दल आभार. काही छोटे मुद्दे आहेत." ही बाई छोटे मुद्दे म्हणाली की माझा रक्तदाब चढायचा. सासूबाईंनी सुद्धा मला इतक्या गोड शब्दांत कधी फैलावर घेतलं नव्हतं, आणि त्या त्यात तरबेज होत्या.

पहिला छोटा मुद्दा परीक्षेचा. लायब्ररीबरोबर तिची परीक्षा घेणारे प्रोग्रॅमही द्यावे लागतात. आमची परीक्षा साधी होती: पक्कडने अभ्यासिकेतल्या संगणकाशी बोलून दाखवायचं. करी रोडला टिकली तर जगात कुठेही टिकेल, असा आमचा हिशेब. मार्टाने कळवलं की त्यांच्याकडे परीक्षा ज्या संगणकावर होते त्याला बाहेरचं नेट नसतं. मुद्दाम नसतं. त्याने फक्त स्वतःशी बोलायचं. म्हणजे नेटवर्कच्या लायब्ररीची परीक्षा नेटवर्कला हात न लावता घ्यायची! पोहण्याची परीक्षा ओट्यावर. मी चिडून लांबलचक उत्तर लिहिलं. तिने शांतपणे कारण सांगितलं, की परीक्षा उद्या कोणीही, कुठल्याही देशात घेतली तरी तशीच झाली पाहिजे, ती कोणाच्या खोलीतल्या संगणकावर अवलंबून असता कामा नये. पटलं. पटलं म्हणून जास्तच राग आला.

मग आता संगणकाच्या पोटात खोटं करी रोड तयार करणं आलं. त्यासाठी खरं नेट नक्की कसं जातं ते बघायला मी आणि मिलिंद अभ्यासिकेबाहेर खुर्च्या टाकून बसलो. सकाळी जाधववहिनी आल्या. त्या शेजारच्याच खोलीत राहतात. त्यांनी आमच्या देखत गॅलरीतल्या पॉइंटमधून नेटच्या डबीचा प्लग उपटला आणि मिक्सरचा घातला.

"वहिनी!" मी ओरडलेच.

"अगं, तेवढं वाटण होऊ दे. माझ्या खोलीत मिक्सर लावला की फ्यूज उडतो. लावते ना परत."

"रोज काढता?"

"रोज कशाला? इडल्या असल्या की. नाहीतर मासे असले की. बुधवार, शुक्रवार, रविवार."

"आणि परत लावता?"

"आठवलं की लावते," वहिनी म्हणाल्या आणि मिक्सर सुरू केला. पुढचं ऐकू आलं नाही.

आम्ही नेटच्या कंपन्यांना शिव्या घालत होतो, खांबावरच्या केबली तपासत होतो आणि इथे खोबऱ्याचं वाटण चाललं होतं. मिलिंदने त्याच दिवशी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो मनाला येईल तेव्हा प्लग काढतो, मनाला येईल तितका वेळ थांबतो, परत लावतो आणि कधी कधी लावायचं विसरतो. नाव ठेवलं वहिनी. मार्टाने विचारलं, "वहिनी हा नेटवर्कमधला मान्य प्रकार आहे का?" मी उत्तर दिलं, "आमच्याकडे सर्वमान्य आहे." चाललं. वहिनींना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नावाने जगभर प्लग काढणार? मग वाटणासाठी काढते हे पण लिही हो. उगाच नाही काढत." ते वाक्यही आम्ही कोडमध्ये लिहिलं. आजही आहे.

इथवर गंमत होती. खरा घोळ झाला तो दुसऱ्या छोट्या मुद्द्याने.

आमच्याकडे काम झालं की फलक लागतो. काही वेळा काम व्हायच्या आधी लागतो, पण लागतो हे नक्की. पक्कड पहिल्यांदा चालली तेव्हा चाळीच्या दारात भला मोठा फलक लागला: पक्कडच्या यशाबद्दल हार्दिक अभिनंदन. वर डाव्या कोपऱ्यात श्री गणेश प्रसन्न, उजव्या कोपऱ्यात नमो बुद्धाय, म्हणजे कोणाची तक्रार नको. खाली मार्गदर्शक, आधारस्तंभ, सल्लागार, प्रेरणास्थान कै. गोविंद मास्तर, विशेष सहकार्य आणि शेवटी शुभेच्छुकांची रांग. माझा आणि मिलिंदचा फोटो होता, कमिटीचे अध्यक्ष सावंतांच्या फोटोच्या खाली, कानाएवढा. आता प्रत्येक लायब्ररीबरोबर एक लेखकांची यादी द्यायची असते. तिथे कोणाची नावं घालायची यावर आम्ही फार डोकं चालवलं नाही. नावं वगळली तर चाळीत राहणं मुश्कील, म्हणून मिलिंदने अख्खा फलक जसाच्या तसा तिथे उतरवला.

मार्टाने तो यंत्राकडून भाषांतर करून वाचला.

"प्रिय शैला, काही छोटे मुद्दे. पक्कडला पुष्कळ लेखक आहेत हे पाहून आनंद वाटला. यादीतले पहिले दोन लेखक, श्री. गणेश प्रसन्न आणि श्री. नमो बुद्धाय, यांचे इमेल पत्ते कृपया द्यावेत. श्री. सदानंद सावंत हे इमारतीचा खांब आहेत असं यंत्र म्हणतं, याचा खुलासा व्हावा. श्री. गोविंद मास्तर मृत असल्याचं दिसतं, तर त्यांच्या वारसांची संमती लागेल."

मिलिंद हसत खालीच बसला. "ताई, तुमच्याकडचा पत्ता तुम्ही द्या. आमच्याकडचं मी बघतो."

मार्टाचं म्हणणं मात्र चुकीचं नव्हतं. जे लिहितो त्याचा लिहिलेल्यावर हक्क असतो. ते सगळ्यांना फुकट द्यायचं, तर प्रत्येक लेखकाने "होय, माझी संमती आहे" असं स्वतः कळवावं लागतं. आम्ही जगाला लिहून दिलं होतं की ही सगळी माणसं लेखक आहेत. आता एक तर प्रत्येकाची संमती आणा, नाहीतर प्रत्येकाकडून असं आणा की मी यातलं काहीही केलेलं नाही. गणपती आणि बुद्धाबद्दल मी खुलासा पाठवला, तो तिने माफी मागून मान्य केला. गोविंद मास्तरांबद्दल वितरणाच्या मंडळींत जोरदार चर्चा झाली आणि प्रेरणेवर हक्क लागत नाही असं ठरलं. मी सुटले, कारण मास्तरांचे दोन्ही मुलगे खोलीवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. उरले जिवंत लेखक. दरवाजे बंद व्हायला थोडेच आठवडे होते.

मी वही-पेन न घेता, नुसतं तोंडी विचारायला घरोघर निघाले. पहिल्याच दारात म्हटलं, "एक संमती हवी होती."

दार बंद.

दुसऱ्या दारात म्हटलं, "फक्त तुमची संमती..."

"टॉवर किती मजली?"

"अहो, टॉवर नाही. पक्कड."

"नाव काही का ठेवेना. कार्पेट एरिया किती देणार?"

माझ्या ध्यानातच आलं नाही की चाळीत संमती या शब्दाला एकच अर्थ आहे. आजवर तीन बिल्डर आले, तिघांनी संमत्या मागितल्या, तिघांनी नकाशे दाखवले. एकाने तर पोहण्याचा तलावही दाखवला होता. माणसं अशी पोळलेली की ताक काय, फ्रीजचं पाणी सुद्धा फुंकून पितील. दुपारपर्यंत बातमी पसरली की शैलाताई बिल्डरला मिळाली आणि बिल्डरचं नाव मार्टा. संध्याकाळी कमिटीची तातडीची सभा. सावंत अध्यक्षस्थानी. सावंत तसा मनाने चांगला माणूस, पण खुर्चीवर बसला की त्याच्या अंगात येतं.

"शैलाताई, हे पक्कड प्रकरण काय आहे, सभेला खुलासा करा."

"सावंत, तुला माहिती आहे काय ते. फलकावर तूच सगळ्यात मोठा आहेस."

"ते वैयक्तिक झालं. इथे मी अध्यक्ष म्हणून विचारतोय."

मी पंधरा मिनिटं समजावलं. हक्क, परवाना, फुकट वाटप. सगळे ऐकून घेत होते. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "ते सगळं ठीक. पण फुकट देतायत म्हणजे यात काहीतरी गोम आहे. आधी विरोध नोंदवू, मग बघू." टाळ्या पडल्या. विरोध नोंदवला गेला. एकमताने, कारण सावंतने माझा हातही मोजला.

मग मी दुसरा मार्ग काढला. संमती नको तर नको, "मी लेखक नाही" एवढं तरी कळवा, म्हणजे नावं काढून टाकते. अरे देवा! संमतीला निदान दार लावून घेत होते, आता भांडायला बाहेर आले. फलकावरचं नाव काढायचं? आमच्याकडे फलकावर फोटो एक बोट लहान झाला तर घरातलं लग्नकार्य सोडून माणसं निघून जातात. जाधववहिनी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझं नाव काढून बघच. तुझ्या पक्कडला परीक्षेत पास कोणी केलं? मी प्लग काढला म्हणून." तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं.

सावंतने वकिलाला विचारून सांगतो म्हणून तोंड फिरवलं. मिलिंद रोज फोन करायचा. आधी विनोद करायचा, मग नुसतं "काय झालं?" विचारायचा, मग तेही बंद केलं. त्याने अभ्यासिकेतल्या पोरींना दुसरी जागा कुठे मिळेल याची चौकशी सुरू केली होती. शीवला एक आहे, पण तिथे प्रवेशाला रांग. मला हे वहिनींकडून कळलं आणि फार वाईट वाटलं. त्याने मला सांगितलंही नव्हतं.

शुभेच्छुकांच्या रांगेत अगदी शेवटचं नाव दीनाकाका परबांचं. काका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. आता सकाळी अभ्यासिकेचं दार उघडायचं, दारातल्या स्टुलावर बसून राहायचं आणि रात्री कुलूप लावायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. मला वाटलं, काका काही बोलणार नाहीत, साधा माणूस. स्टुलाशेजारी पायरीवर बसून मी त्यांना विचारलं की काका, तुम्ही यात काही केलेलं नाही एवढंच कळवायचं आहे.

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "शैला गो, मी काय्येक केलंय नाय, असा लिवन देवचा?"

"तसं नाही काका, म्हणजे कोड..."

"गिरण बंद झाली तेव्वा असाच लिवन घेतल्यानी. आमचो काय्येक हक्क नाय. खाली सही कर, म्हणाले. केलंय. आता परत करूचंय नाय." त्यांचा आवाज चढला नाही. नजर समोर, मैदानाच्या पलीकडे जिथे गिरणी होती आणि आता टॉवर आहे तिकडे. "रोज सकाळी दार कोण उघडता? ता सांग तुझ्या बाईक."

मला लाज वाटली. इतके दिवस मी या माणसांना मूर्ख समजत होते. घरी जाऊन मी मार्टाला पत्र लिहिलं. त्यात नियम, हक्क काही नाही. सरळ लिहिलं की ही माणसं नाव काढू देणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. काकांचं म्हणणं लिहिलं. वहिनींचंही लिहिलं. आणि लिहिलं की आम्ही अर्ज मागे घेतो.

तिचं उत्तर त्याच रात्री आलं. आभार नाहीत, छोटे मुद्दे नाहीत. "दार उघडणं आमच्या नियमांत बसत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण लेखक म्हणजे फक्त कोड लिहिणारा असं नियम म्हणत नाहीत. माहितीपत्रक लिहिणारा, भाषांतर करणारा, हेही लेखकच. पक्कडचे सगळे संदेश अजून इंग्रजीत का आहेत?"

मी ते मिलिंदला वाचून दाखवलं. त्याने मला ते परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "ताई, वीस-पंचवीस संदेश आहेत. रविवारी सगळ्यांना बोलवा."

नेट गेलं, समोरचा संगणक सापडला नाही, उत्तर आलं नाही, अशा प्रत्येक प्रसंगी पक्कड पडद्यावर एक ओळ दाखवते. त्या ओळी मराठीत करायच्या. रविवारी दुपारी अभ्यासिकेबाहेरच्या गॅलरीत सतरंज्या टाकल्या. लेखक म्हणून बोलावलंय म्हटल्यावर सगळे आले. सावंत इस्त्रीचा सदरा घालून आला. मिलिंदने सरकारी शब्दकोशातून भाषांतर करून आणलं होतं. त्याने पहिली ओळ वाचली, "यजमान अप्राप्य."

"कोण?" जाधववहिनींनी विचारलं. "माझे? आत झोपलेत ते."

पुढचा अर्धा तास हसण्यात गेला. मग मी एकेक प्रसंग समजावून सांगू लागले. समोरच्या संगणकाला हाक मारली, तो जागेवर आहे, पण आपल्याशी बोलायला नाही म्हणाला. सावंत चटकन म्हणाला, "दारातूनच परत पाठवलं." लिहून घेतलं. त्याला ओळीखाली "आपला नम्र, सदानंद सावंत" असं हवं होतं, तो हट्ट मोडायला वेळ लागला. हाक मारली, उत्तरच नाही, थांबून थांबून वेळ संपली. वहिनी म्हणाल्या, "किती वाट बघायची? बास झालं." तेही घेतलं. एका शब्दावरून दोन गट पडले, एक गट उठून चहाला गेला आणि चहा पिऊन परत आला.

"आणि हा मघाचा यजमान, समोरचा संगणक?" मिलिंदने विचारलं. "म्हणजे आपण हाक मारतोय, पण तिथे पोचताच येत नाही."

सगळे विचार करू लागले. दारातल्या स्टुलावरून दीनाकाका म्हणाले, "घरात कोण नाय. मागसून येवा."

कोणी हसलं नाही. मिलिंदने ते टाईप केलं.

आता संमत्या आपोआप यायला लागल्या. माझं वाक्य सगळ्या जगाने वापरलं तर माझी हरकत काय, उलट वापरलंच पाहिजे, असं प्रत्येकाचं मत. संमती प्रत्येकाने स्वतः इमेलने पाठवायची होती, वितरणाच्या उघड्या पत्त्यावर, जिथे आलेलं जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांना दिसतं. नातवंडांनी आजी-आजोबांना पत्ते काढून दिले. झालं. संमत्या गेल्याच, पण त्यांच्यामागून रोज सकाळी शुभ प्रभातचे गुलाबही जायला लागले. मग संकष्टीच्या शुभेच्छा, मग बुद्धपौर्णिमेच्या. वहिनींनी कोळंबीच्या कालवणाचा फोटो पाठवला. वितरणातली गंभीर मंडळी आधी गोंधळली. एकाने विचारलं, हा हल्ला आहे का? चौथ्या दिवशी त्याच माणसाने उलट गुलाब पाठवला आणि कालवणाची कृती मागितली. मार्टाने सूचना काढली की कृपया संमती आणि फुलं वेगवेगळ्या पत्रांत पाठवावीत.

फक्त दीनाकाकांची संमती राहिली. दरवाजे दुसऱ्या दिवशी बंद होणार होते. मिलिंद म्हणाला, "ताई, काकांचं वाक्य काढून दुसरं घालू या का? सुटू या." मी म्हटलं, "ते वाक्य काढलंस तर माझं नाव काढ." आणि माझा फोन घेऊन खाली गेले.

काका स्टुलावर. म्हणाले, "परत सही?"

"सही नाही काका. ऐका तर. तुम्ही म्हणालात ना, घरात कोण नाय, मागसून येवा. ते वाक्य तुमचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय त्यांना घेता येत नाही."

"म्हंजे माका इचारतहत?"

"हो."

"नाय म्हटलंय तर?"

खोटं कसं बोलू? "नाही म्हटलंत तर पक्कड आत जाणार नाही. अभ्यासिका बहुतेक बंद पडेल. तरी ते तुम्हालाच विचारणार. तुमचं आहे म्हणून."

आत पोरी वाचत होत्या. काकांनी एकदा आत बघितलं आणि म्हणाले, "लिव." मी लिहिलं. त्यांनी सांगितलं ते असं: ह्या माझा असा. माका इचारल्यानी. मी देतंय. कोणीय वापरूंदेत.

त्यांच्या नावाने पत्ता काढून मी तसंच मालवणीत पाठवलं. मार्टाने यंत्राला विचारलं का कसं समजून घेतलं, मला ठाऊक नाही. तासाभरात पक्कड वितरणात आली. यंत्राने पाठवलेली एका ओळीची रुक्ष पोच, बस. मिलिंदला फोन केला तर तो रडत होता, आणि मीही, आणि मध्येच फोन तुटला, कारण वहिनींकडे इडल्या होत्या आणि त्याचा फोन घरीही अभ्यासिकेच्याच नेटवरून चालायचा.

मी खाली काकांकडे गेले आणि सांगितलं की झालं, गेली आत.

"आता ता कोण काढून घेवक शकत नाय मा?"

"नाही काका. एकदा दिलं की दिलं. कोणालाच परत घेता येत नाही."

"चाळ पाडली तर?"

"तरी राहणार. हजारो संगणकांवर आहे आता."

"बगू," म्हणाले. मी फोनवर यादी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, बोटाने नावं सरकवत शेवटच्या नावावर आले. दीनानाथ परब. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाले, "बापाशीचा नाव खय गेला?"

पक्कडची पुढची आवृत्ती आम्ही दरवाजे बंद व्हायच्या काही तास आधी काढली. तिच्यात बदल एकच आहे: दीनानाथ विष्णू परब. मार्टाने विचारलं की एवढ्यासाठी कोणी नवी आवृत्ती काढतं का. मी कळवलं, आमच्याकडे काढतात.